रॉड टाकला, आता हाड कधी जुळणार?

नडगीच्या हाडात रॉड टाकला की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, "आता किती दिवस?" कातडी फाटली नसेल तर साधारण 16 ते 20 आठवडे. हाड कातडी फाडून बाहेर आलं असेल तर सहा ते नऊ महिने, कधी त्याहूनही जास्त. मनगट दीड महिन्यात प्लास्टरमधून सुटतं, मग नडगीलाच एवढा वेळ का?

नडगीच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवून पाहा. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत कातडीखाली थेट हाडच लागतं. तुटलेल्या हाडाला भोवतालचे स्नायू रक्त पुरवतात, आणि इथे या बाजूला स्नायूच नाहीत. घोट्याजवळ तर पोटरीचं मांसही संपून नुसत्या कंडरा उरतात. म्हणून तिथलं फ्रॅक्चर जास्त रेंगाळतं.

रॉड हाड जुळवत नाही, फक्त तुकडे रेषेत धरून ठेवतो. जोडणारा माल शरीर तयार करतं. आधी रक्ताची गाठ, दोन-तीन आठवड्यांत कूर्चेसारखा मऊ कॅलस, म्हणजे फटीत तयार होणारा जोड, मग त्यात कॅल्शियम भरत जातं. मऊ कॅलस एक्स-रेत दिसत नाही, त्यामुळे तिसऱ्या आठवड्याची फिल्म पाहून निराश होण्यात अर्थ नाही. सहाव्या आठवड्याच्या आसपास फटीभोवती पुसट पांढरा ढग दिसायला लागतो. समोरून आणि बाजूने काढलेल्या दोन फिल्म मिळून हाडाच्या चार कडा दिसतात. त्यांतल्या तीन कडांवर फट बुजून पूल तयार झाला की हाड जुळलं असं धरतात. रॉडऐवजी हाडावर बसवलेल्या धातूच्या प्लेटने तुकडे घट्ट दाबून बसवले असतील तर मात्र असा ढग येतच नाही आणि तो यायलाही नको. तिथे ढग दिसला तर प्लेट हलत असल्याची शंका घ्यावी.

रॉडमध्ये किंचित हालचाल राहते आणि कॅलसला तीच लागते. म्हणूनच हाडाच्या मधल्या भागात रॉड असेल तर बहुतेकदा लवकरच वॉकर घेऊन, सोसेल तेवढा भार टाकायला सांगतात. गुडघ्याच्या किंवा घोट्याच्या सांध्यातच फ्रॅक्चर असेल तर सहा ते बारा आठवडे पाय टेकवायचा नाही. शेजाऱ्याला ऑपरेशननंतर लगेच चालवलं, मग मला का नाही, याचं उत्तर बहुधा इथेच असतं.

हाड जुळायला उशीर झाला तर सगळा भार धातूवर येतो आणि धातू थकतो. आधी रॉड हाडात अडकवून ठेवणारे खालचे आडवे स्क्रू तुटतात. कधी डॉक्टर स्वतःच एका टोकाचे स्क्रू काढतात, म्हणजे चालताना तुकडे एकमेकांवर दाबले जातात. नऊ महिने उलटले आणि शेवटच्या तीन महिन्यांत एक्स-रे जसाच्या तसा राहिला, तर हाड आपोआप जुळण्याची आशा सोडून पुढच्या ऑपरेशनचा विचार करतात. यात सिगारेटचा वाटा मोठा असतो, अनियंत्रित मधुमेहाचाही.

पहिल्या एक-दोन दिवसांत पोटरी दगडासारखी टणक झाली, पायाची बोटं नुसती ताणली तरी कळ मारू लागली आणि वेदनाशामकाने फरक पडेना, तर सकाळची वाट पाहू नका. आत दाब वाढून काही तासांत स्नायू मरतात.