मेल्यावर जातं कोण? आत्मा-अनात्म वादाची पार्श्वभूमी

"आत्माच नाही म्हणता, मग पुनर्जन्म कोणाचा होतो?" हा प्रश्न बौद्धांना आजही विचारला जातो, आणि विचारणाऱ्याला वाटतं आपण एकदम बिनतोड पॉइंट काढला. पण हा प्रश्न दोन हजार वर्षांहून जुना आहे, तो बौद्धांनी स्वतःलाच कितीदा तरी विचारलाय, आणि त्याचं मूळ शोधत गेलं की आपण थेट उपनिषदात पोचतो.

त्याच्याही आधी ऋग्वेद. तिथे आत्मा हा शब्द बऱ्याचदा श्वास, प्राण अशा साध्या अर्थाने येतो. दहाव्या मंडलात चितेवरच्या माणसाला उद्देशून म्हटलंय की तुझा डोळा सूर्याकडे जावो, आत्मा वाऱ्याकडे जावो. मेलेला यमाकडे, पितरांमध्ये जातो, आणि जिवंत माणसाचं मागणं काय तर शंभर वर्षं जगू दे. जन्म-मरणाचं चक्र आणि त्यातून सुटका ही भाषा तिथे स्पष्ट दिसत नाही. पुढे ब्राह्मणग्रंथांत, म्हणजे यज्ञाचं विवेचन करणाऱ्या वैदिक ग्रंथांत, 'पुनर्मृत्यू'ची भीती येते, म्हणजे परलोकात गेल्यावर तिथेही परत मरावं लागलं तर काय. माझ्या मते मोक्षाची सगळी कल्पना या भीतीतूनच हळूहळू उगवली.

मग बृहदारण्यक उपनिषदातला जनकाच्या दरबारातला प्रसंग बघा. आर्तभाग नावाचा एक जण याज्ञवल्क्य ऋषीला विचारतो की माणूस मेल्यावर वाणी अग्नीत जाते, प्राण वाऱ्यात, डोळा सूर्यात, शरीर पृथ्वीत, आत्मा आकाशात, रक्त पाण्यात, सगळं वाटलं गेलं, मग हा माणूस असतो कुठे? याज्ञवल्क्य सगळ्यांसमोर उत्तर देत नाही, बाबा हात दे, हे आपण दोघंच जाणू, चारचौघांत बोलायचं नाही, असं म्हणून त्याला बाजूला घेऊन जातो. दोघं काय बोलले ते उपनिषद एका शब्दात सांगतं: कर्म. पुण्याने माणूस चांगला होतो, पापाने वाईट. आज कर्म हा शब्द आपल्याकडे पोरंसोरंही वापरतात, आणि एकेकाळी तो भर सभेत उच्चारायचा नव्हता, हे वाचून मी खरंच थांबलो होतो.

छांदोग्य उपनिषदात हीच विद्या प्रवाहण जैवली नावाचा राजा उद्दालक ऋषीच्या घराण्याला सांगतो, आणि ही याआधी ब्राह्मणांकडे गेली नव्हती असंही सांगतो. त्यात मेल्यानंतरचे दोन रस्ते येतात, देवयान आणि पितृयान, आणि तिथेच एक वाक्य असं आहे की चांगलं आचरण असेल तर ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य योनी मिळते आणि वाईट असेल तर कुत्र्याची, डुकराची किंवा चांडाळाची. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

उपनिषदांचा मुख्य धागा मात्र वेगळा आहे, तो म्हणजे आत्मा म्हणून जे आहे ते न बदलणारं आहे, ते जाणलं की सुटका. उद्दालक मुलाला मीठ विरघळलेलं पाणी चाखायला लावून 'तत् त्वम् असि', म्हणजे ते तूच आहेस, असं सांगतो, याज्ञवल्क्य 'नेति नेति', हे नाही, हेही नाही, असं म्हणतो. आणि याज्ञवल्क्य त्याच्या बायकोला, मैत्रेयीला सांगतो की गेल्यावर संज्ञा, म्हणजे जाणीव, उरत नाही, तेव्हा ती म्हणते की इथेच तुम्ही मला गोंधळात टाकलंत. म्हणजे आत्म्याचं अमरत्व म्हणजे 'मी असाच कायम राहणार' असं सरळ गणित उपनिषदांतही नाहीये, हे आपण फार पटकन विसरतो.

आता बुद्ध. घर सोडल्यावर आलार कालाम आणि उद्दक रामपुत्त या दोन गुरूंकडे ध्यान शिकून, त्यावर समाधान न होता तो बाहेर पडला. बोधी, म्हणजे ज्ञानप्राप्ती, झाल्यावर सारनाथला पाच भिक्खूंना जे दुसरं प्रवचन दिलं ते अनात्मावर, म्हणजे कायमचा 'मी' कशातच नाही यावर. युक्तिवाद एकदम साधा आहे: शरीर जर 'मी' असतं तर 'ते असं असो, असं नसो' हे माझ्या हातात असतं, ते आजारी पडलं नसतं. माणूस ज्या पाच गोष्टींचा मिळून बनतो त्यांना बौद्ध स्कंध म्हणतात, त्यात शरीर एक, हेच मग वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान (म्हणजे इथे जाणीव) या बाकीच्या चार स्कंधांना लावायचं. जे बदलतं, जे दुःख देतं, त्याला 'हे माझं, हा मी' म्हणायचं कशाला? पण वच्छगोत्त नावाच्या परिव्राजकाने जेव्हा थेट विचारलं की आत्मा आहे का, तेव्हा बुद्ध गप्प. मग नाही का? तरी गप्प. नंतर आपल्या शिष्याला, आनंदाला, त्याने सांगितलं की आहे म्हटलं असतं तर आत्मा कायम टिकतो म्हणणाऱ्या शाश्वतवाद्यांच्या बाजूला गेलो असतो, नाही म्हटलं असतं तर मेल्यावर सगळं संपतं म्हणणाऱ्या उच्छेदवाद्यांच्या, आणि तो बिचारा आणखी गोंधळला असता.

निर्वाण म्हणजे विझणं. दुसऱ्या एका सुत्तात, म्हणजे प्रवचनात, याच वच्छगोत्ताला बुद्ध विचारतो की समोरची आग विझली तर ती कोणत्या दिशेला गेली, पूर्वेला की पश्चिमेला? प्रश्नच लागू होत नाही, कारण जळण संपलं म्हणून ती विझली. मला हे उत्तर अतिशय सुंदर वाटतं, पण यातून पुनर्जन्माचा प्रश्न सुटत नाही हेही खरं. साती नावाच्या भिक्खूला वाटलं की विज्ञानच जसंच्या तसं एका जन्मातून दुसऱ्यात फिरतं, त्याला बुद्धाने चांगलंच खडसावलं. पुढे मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांच्या संवादात रात्रभर जळणाऱ्या दिव्याचं उदाहरण येतं, पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एकच का? पुन्हा जन्मणाराही तसाच, 'तोही नाही आणि दुसराही नाही.'

सगळ्या बौद्धांना हे पुरेसं वाटलं नाही. वात्सीपुत्रीय आणि सांमितीय हे बौद्ध पंथ म्हणाले की स्कंधांहून वेगळाही नाही आणि तेच स्कंधही नाही असा 'पुद्गल', म्हणजे व्यक्ती, मानावाच लागेल, नाहीतर जन्मोजन्मी कर्माचं ओझं वाहतं कोण? बौद्ध पंडित वसुबंधूने आपल्या अभिधर्मकोश या ग्रंथाच्या शेवटी एक पूर्ण प्रकरण त्यांना खोडायला खर्च केलं, म्हणजे मत किरकोळ नव्हतंच. आणि हे आपल्या अगदी जवळचं आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीने दान दिलेलं तीन नंबरचं लेणं ज्या भद्रायणीय भिक्खूंसाठी होतं तो पंथ परंपरेनुसार वात्सीपुत्रीयांचीच शाखा, कान्हेरीलाही त्यांचे उल्लेख आहेत.

पुढची हजारएक वर्षं आत्मा मानणारे आणि न मानणारे अशा दोन्ही बाजू एकमेकांशी भांडत एकमेकांकडून शिकत राहिल्या. अद्वैत वेदान्ती गौडपादाच्या कारिकांत फिरत्या कोलिताचा दृष्टान्त आणि शब्दसुद्धा बौद्ध वळणाचे आहेत, शंकराचार्य बौद्धांचं खंडन करतात आणि त्यांच्याच मायावादाला विरोधकांनी 'प्रच्छन्न बौद्ध', म्हणजे छुपं बौद्ध मत, म्हटलं. गीतेत 'ब्रह्मनिर्वाण' आहे. न्यायशास्त्राचे पंडित उदयनाचार्यांनी तर बौद्धांविरुद्ध आत्मा सिद्ध करायला अख्खा आत्मतत्त्वविवेक लिहिला. आपल्याकडे वारकऱ्यांनी वेगळीच वाट काढली, तुकोबांनी मुक्तीच नको म्हटलं, संतसंग दे आणि खुशाल गर्भवासी घाल.

14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्म घेतला तेव्हा हा सगळा इतिहास परत जिवंत झाला. बावीस प्रतिज्ञांमधली एक आहे की श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही, म्हणजे ज्याला पिंड पोचवायचा त्या आत्म्याची कल्पनाच सोडायची. आणि छांदोग्यातलं ते वाक्य आठवा. मागच्या जन्माच्या पापाने इथे खालच्या जातीत आलास, हे ज्यांना पिढ्यान्पिढ्या ऐकवलं गेलं त्यांच्यासाठी मागल्या जन्माचं कर्म हा तत्त्वज्ञानातला नाजूक मुद्दा नव्हता, तो गळ्यातला फास होता. म्हणून 1957 मध्ये, बाबासाहेबांच्या निधनानंतर आलेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात त्यांनी ते कर्म बुद्धाचं म्हणून मानायला नकारच दिला. निर्वाणही त्यांनी इथल्या, याच जगातल्या निर्दोष जगण्याशी जोडलं. परंपरेतल्या अनेक बौद्धांना हे मान्य नाही, तो वाद चालू आहे.

आणि पुनर्जन्म कोणाचा या प्रश्नाला त्यांनी दिलेलं उत्तर असं: शरीरातले पृथ्वी, आप, तेज, वायू हे चार घटक मेल्यावर बाहेरच्या आपापल्या घटकांत जाऊन मिसळतात, त्यातूनच पुन्हा नवं काहीतरी जुळून येतं, आत्मा कुठेच जात नाही. आर्तभागाने जनकाच्या दरबारात मोजलेली यादी जवळपास हीच होती, फक्त याज्ञवल्क्य त्याचा हात धरून त्याला जिथे घेऊन गेला, तिथे बाबासाहेब गेले नाहीत.