चढाला गियर कमी पडतोय: पुढची चेनरिंग लहान करायची की मागची कॅसेट मोठी?

सिंहगडाचा रस्ता असो नाहीतर वेताळ टेकडीचा मुरमाड चढ, सगळ्यात हलका गियर टाकून झालाय तरी अंगठा शिफ्टर (गियर बदलायचा खटका) दाबतोच आणि पुढे काही शिल्लकच नसतं, अशी वेळ आली की दोन सल्ले हमखास मिळतात. एक, पुढची, म्हणजे पेडलजवळची ३२ दातांची चकती (चेनरिंग) काढ आणि ३० नाहीतर २८ टाक. दुसरा, मागच्या चाकावरची चकत्यांची चळत, म्हणजे कॅसेट, जिची सगळ्यात मोठी चकती ४२ दातांची आहे, ती काढ आणि ४६ किंवा ५१ वाली टाक. आणि वर हेही ऐकवलं जातं की दोन्ही एकच रे, गियर हलका झाल्याशी मतलब. तर ते एकच नाहीये. हलका दोन्हीने होतो, पण बाकी सायकल कशी चालेल, खर्च किती येईल आणि काय काय बदलावं लागेल हे पार वेगळं आहे.

गोंधळ होतो तो गणितामुळे. गियर किती हलका हे बघायला पुढचे दात भागिले मागचे दात, एवढंच करायचं असतं. पुढे ३२ मागे ४२ म्हणजे ०.७६, म्हणजे पेडलचा एक फेरा मारला की मागचं चाक पाऊण फेरा फिरतं. आता पुढे २८ केली आणि मागे ४२ च ठेवली तर येतं ०.६७, आणि पुढे ३२ च ठेवून मागे ४८ दातांची चकती असती तरी तेच ०.६७ आलं असतं. अगदी तंतोतंत. पायाला यातला फरक कळणार नाही, म्हणून लोक म्हणतात एकच. पण हे फक्त शेवटच्या एका गियरपुरतं खरं आहे, बाकीच्या नऊ-दहा गियरचं काय झालं ते कोणी बघतच नाही.

पुढची चेनरिंग लहान केली की सगळेच्या सगळे गियर एकदम हलके होतात, वरचेही आणि खालचेही. शिडी तेवढीच लांब राहते, फक्त आख्खी शिडी खाली सरकते. मागची कॅसेट मोठी घेतली तर शिडी खालच्या बाजूने लांब होते, वरचं टोक जिथे होतं तिथेच राहतं. ११-४२ च्या कॅसेटमध्ये (सगळ्यात लहान चकती ११ दातांची, सगळ्यात मोठी ४२ ची) सगळ्यात जड आणि सगळ्यात हलक्या गियरमध्ये ३.८ पटीचा फरक असतो, ११-४६ मध्ये ४.२ पट, ११-५१ मध्ये ४.६ पट, आणि बारा स्पीडच्या, म्हणजे मागे बारा चकत्यांच्या, १०-५१ मध्ये ५.१ पट. पुढे काहीही लावा, हे आकडे हलत नाहीत.

मग वरचं टोक गेल्याने नुकसान किती? २९ इंची चाकाला सव्वादोन इंची टायर असेल तर घेर साधारण २.३ मीटर धरू. मिनिटाला ९० फेरे मारले तर पुढच्या ३२ ला मागच्या ११ वर वेग येतो ३६ किमी, ३० ला ३४ च्या जवळपास, २८ ला साडेएकतीस. आता खरं सांगा, नॉबी (खडबडीत नक्षीच्या) टायरवर सपाटीला कोण ३५ ने सलग चालवतंय? सिंहगड रोडवरून खडकवासल्यापर्यंत जातानाही बहुतेक जण पंचवीसच्या आतबाहेर असतात, आणि घाट उतरताना पेडल मारायचीच गरज नसते. म्हणून माझं ठाम मत आहे की ज्यांचं रायडिंग टेकड्या आणि घाट एवढंच आहे त्यांनी ११ च्या चकतीवरचा वेग गमावायची भीती बाळगू नये. ज्यांना रोड बाईकवाल्या मित्रांबरोबर सासवड किंवा लोणावळ्याकडे जायचं असतं त्यांची गोष्ट वेगळी, त्यांना ते तीन-चार किमी लागतात.

आता चढाचं बघू, कारण मुद्दा तोच आहे. समजा माणूस आणि सायकल मिळून ९० किलो, आणि पाय दमून न जाता १५० वॅट देतायत, जे रोजच्या सरावातल्या माणसाला जमतं. आठ टक्के चढाला वेग येतो साधारण साडेसहा किमी. तेव्हा ३२ ला ४२ वर मिनिटाला ६१ फेरे पडतात, २८ ला ४२ वर ७०, ३२ ला ५१ वर ७४. म्हणजे ६१ सुद्धा चालण्यासारखे आहेत. खरी परीक्षा बारा टक्क्याला होते, आणि सिंहगडाच्या घाटात दहाच्या पुढे जाणारे तुकडे आहेत हे जो चढलाय त्याला सांगायला नको. तिथे त्याच १५० वॅटमध्ये वेग उतरतो साडेचारवर, आणि ३२-४२ ला (पुढे ३२, मागे ४२) फेरे होतात फक्त ४३. हे पेडल मारणं नाही, जिना चढणं झालं, गुडघ्यावर सगळा भार येतो. ३०-४२ केलं तर ४६. बघा, दोन दात कमी करून फक्त तीन फेरे वाढले. ३२-५१ ला ५२, आणि २८-५१ ला ५९. म्हणून फक्त ३२ ची ३० करून सिंहगड सोपा होईल असं कोणी म्हणत असेल तर विश्वास ठेवू नका, सहा टक्के फरक आहे, जाणवतो पण चित्र बदलत नाही. कात्रजच्या जुन्या घाटासारख्या सौम्य चढाला तेवढा पुरतो. चाक साडेसत्तावीसचं असेल तर आधीच थोडा फायदा आहे, त्याच्यावरची ३२ ही २९ वरच्या साडेतीससारखी वागते.

मग सरळ ५१ चीच कॅसेट का नको? इथे खर्चाची आणि जुळवणीची साखळी सुरू होते. मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) किती दातांपर्यंतची चकती झेलतो याला मर्यादा असते आणि ती मॉडेलनुसार ठरलेली असते, ४२ साठी बनलेल्याला ५१ दिली तर वरची पुली चकतीला घासणार नाहीतर त्याचा पुल्यांचा पिंजरा ताणला जाणार. म्हणजे बहुतेक वेळा डिरेलर नवीन. चेन तर लांब लागणारच, नऊ दात वाढले की चार-सहा कड्या जास्त, म्हणजे चेन नवीन. आणि ११ ऐवजी १० दातांची चकती हवी असेल तर जुन्या एचजी प्रकारच्या फ्रीहबवर (मागच्या हबचा कॅसेट बसते तो भाग) ती बसतच नाही, मायक्रोस्प्लाइन किंवा एक्सडी प्रकारचा लागतो, म्हणजे फ्रीहब बॉडी आणि काही वेळा आख्खं मागचं हबसुद्धा. स्पीड बदलले तर शिफ्टरही. शिवाय गियरमधल्या उड्या मोठ्या होतात. शिमानोच्या एक्सटी ११-४६ मध्ये ३७ नंतर थेट ४६ येते, एकदम जवळपास २५ टक्क्यांची उडी, लयीत चाललेला पाय अचानक मोकळा फिरायला लागतो आणि टेकडीवर त्या एका क्षणात तोल जातो. ११-४२ मध्ये तिथे ३७ नंतर ४२ असते, ती उडी १४ टक्क्यांची.

चेनरिंग बदलणं त्यामानाने फारच साधं आहे, पण त्यातही आधी वाकून क्रँक (पेडलचा दांडा, ज्यावर चेनरिंग बसते) बघा. स्वस्त सायकलींच्या क्रँकला चकत्या रिव्हेट मारून बसवलेल्या असतात, त्या निघतच नाहीत, तिथे क्रँकच बदलावा लागतो. चार बोल्टवाला १०४ बीसीडी (बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास १०४ मिलिमीटर) असेल तर साधारणपणे ३२ हा तळ, ३० मिळते पण ती खास आत थ्रेड पाडलेली असते, २८ त्यावर बसवायला जागाच उरत नाही. डायरेक्ट माउंट क्रँकला (चकती थेट क्रँकवर बसते तो) २८ आरामात बसते, फक्त बूस्ट (रुंद मागचं हब) आणि नॉन-बूस्टचा ऑफसेट, म्हणजे चकती किती आत-बाहेर बसते ते, बघून घ्या नाहीतर चेनलाइन, म्हणजे चेनची पुढून मागची सरळ रेषा, बिघडते. पुढे एकच चकती असेल तर ती एक जाड एक बारीक दातांचीच घ्या, म्हणजे चेन उडत नाही. दोन दात कमी केले तर चेन बहुतेक तीच चालते, चार कमी केले की दोन कड्या काढाव्या लागतात. आणि चेन जुनी झिजलेली असेल तर नव्या चकतीवर तीच लावू नका, नवी चकतीही खराब होईल.

लहान चकतीचा एक फायदा फारसा बोलला जात नाही. ३२ ची २८ केली की चकतीचा खालचा काठ आठ मिलिमीटर वर जातो, आणि वेताळ टेकडीवर दगडांच्या पायऱ्या चढताना तेवढी जागा कामाला येते. तोटाही सांगतो, त्याच जोराने पेडल दाबलं तर २८ वर चेनला १४ टक्के जास्त ताण बसतो, आणि दात कमी असल्याने झीज लवकर होते. फुल सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्हीकडे शॉक) असेल तर पेडल मारताना मागच्या शॉकचं वागणंही थोडं बदलतं, हार्डटेलवाल्यांनी (मागे शॉक नसलेल्या सायकलवाल्यांनी) याची काळजी करायचं कारण नाही.

जुन्या तीन चकत्यांच्या सायकलवाल्यांना तर मी कळकळीने सांगतो, घाई करू नका. पुढे २२ आणि मागे ३४ म्हणजे ०.६५, आणि नव्या सायकलच्या ३२-५० ला येतं ०.६४. जवळजवळ तेच! पण पुण्यात हल्ली वन-बाय, म्हणजे पुढे एकच चकती, करायची इतकी हौस आहे की लोक ती २२ काढून पुढे एकटी ३२ लावतात, मागे ४२ टाकतात, आणि पैसे खर्च करून ०.६५ वरून ०.७६ वर जातात, म्हणजे चढाला उलट जड. पुढचा डिरेलर गेला, वजन कमी झालं, सायकल छान दिसते, पण चढ अवघड झाला.

आणि हलका म्हणजे नेहमीच चांगला असंही नाही. ३०-५१ ला मिनिटाला ६० फेऱ्यांवर वेग पाच किमीच्याही खाली असतो, डांबरावर ठीक, पण सुट्या मुरमावर इतक्या हळू तोल सांभाळणं कठीण, आणि एवढ्या हलक्या गियरला पेडल जरा झटक्यात दाबलं की मागचं चाक जागेवर गरगरतं किंवा पुढचं उचललं जातं. टेकडीवर सीटच्या टोकाला सरकून, छाती खाली घालून एक गियर जड ठेवला तर कितीदा जास्त पकड मिळते. त्यामुळे बारा टक्क्याचा डांबरी घाट आणि बारा टक्क्याचा सिंगल ट्रॅक (एकेरी पायवाट) यांना एकच गियर लागतो असं समजू नका.

माझ्यामते क्रम असा लावा. ११ आणि १३ च्या चकत्या महिनोन्महिने वापरल्या जात नसतील, त्या नव्यासारख्या चकचकीत असतील, तर पुढची चेनरिंग लहान करा, जमली तर थेट २८. त्या चकत्या झिजल्या असतील म्हणजे तुम्हाला वेग लागतोय, मग पैसे साठवून कॅसेट, डिरेलर आणि चेन एकदमच बदला, अर्धवट नको. आणि दुकानात जायच्या आधी क्रँकवरचा नंबर आणि मागच्या डिरेलरच्या आतल्या बाजूचा नंबर, दोन्हींचे फोटो काढून न्या, मेकॅनिकला त्याच्यावरूनच सांगता येतं की काय बसेल आणि काय नाही.