एकदाच वापरायचा मास्क पुन्हा वापरताना : एन-९५च्या निर्जंतुकीकरणाची पार्श्वभूमी

मार्च २०२०च्या अखेरीस अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ओहायो राज्यातील कोलंबस येथील बॅटेल या संशोधन संस्थेला एक तातडीची परवानगी दिली. रुग्णालयांनी वापरलेले एन-९५ मास्क गोळा करायचे, हायड्रोजन पेरॉक्साइडच्या वाफेने निर्जंतुक करायचे आणि परत पाठवायचे, असे या कामाचे स्वरूप होते आणि एका मास्कवर ही प्रक्रिया वीस वेळांपर्यंत करण्याची मुभा होती. एकदाच वापरण्यासाठी बनवलेली वस्तू वीस वेळा वापरण्यास सरकारी मान्यता मिळणे हा अनेकांना करोनाच्या धावपळीतला निर्णय वाटला. त्याच्यामागे मात्र निदान एका दशकाचे संशोधन होते, आणि त्याहून जुना, फारसा विचार न होता झालेला एक बदलही होता.

रुग्णालयातला मास्क मुळात टाकून देण्याची वस्तू नव्हताच. १८९७ साली ब्रेस्लाऊ (आजच्या पोलंडमधील व्रोत्स्वाफ) येथे योहान मिकुलिच आणि पॅरिसमध्ये पॉल बर्जे या शल्यचिकित्सकांनी शस्त्रक्रियेच्या वेळी तोंडावर गॉझ, म्हणजे विरळ विणीचे पातळ कापड, बांधण्यास सुरुवात केली. बर्जे यांचा मास्क गॉझच्या सहा पदरांचा होता. १९१०-११ साली ईशान्य चीनमधील मांचुरियात फुफ्फुसाच्या प्लेगची साथ आली, तेव्हा हार्बिन येथे डॉ. वू लिएन-तेह यांनी कापूस व गॉझचा मास्क सर्वांसाठी आग्रहाने पुढे आणला. तो न घालता रुग्ण तपासणारे फ्रेंच डॉक्टर मेस्नी काही दिवसांतच त्या रोगाने दगावले. पुढे कित्येक दशके शस्त्रक्रियागृहातले कापडी मास्क इतर कपड्यांबरोबर धुतले जात, वाफेने निर्जंतुक होत आणि पुन्हा वापरले जात. १९६०च्या दशकात कागदाचे आणि न विणलेल्या कृत्रिम कापडाचे मास्क आले. धुलाईचा खर्च आणि मनुष्यबळ वाचू लागले, प्रत्येक वेळी नवी वस्तू हाती येऊ लागली, आणि रुग्णालयांनी पुनर्वापराची सगळी व्यवस्था हळूहळू मोडीत काढली. त्या वेळी ही सोय स्वाभाविक वाटली असणार. पण तिच्यामुळे मास्कची उपलब्धता पूर्णपणे कारखान्यांवर आणि अखंड पुरवठ्यावर अवलंबून राहिली, हे साथ येईपर्यंत कोणाच्या ध्यानात आले नाही.

एन-९५ची कथा मात्र शस्त्रक्रियागृहातून सुरू होत नाही. कारखान्यांतल्या धुळीपासून कामगारांचे रक्षण करण्यासाठी थ्री-एम कंपनीने बनवलेल्या एकदा वापरायच्या श्वसनरक्षकाला अमेरिकेत १९७२ साली मान्यता मिळाली. त्याच्या गाळण थराला खरे सामर्थ्य दिले ते स्थिर विद्युतभाराने. वितळलेले पॉलिप्रॉपिलीन गरम हवेच्या झोताने फुंकून त्याचे अतिसूक्ष्म तंतू बनवतात आणि त्यांवर टिकाऊ विद्युतभार चढवतात; या तंत्रात टेनेसी विद्यापीठातील पीटर त्साय यांचा मोठा वाटा आहे. असा थर कणांना केवळ जाळीसारखा अडवत नाही, तो त्यांना ओढून धरतो. म्हणूनच श्वास घेणे सुसह्य राहूनही ०.३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आकाराचे किमान ९५ टक्के कण अडतात. १९९५ साली अमेरिकेच्या नव्या नियमावलीत एन-९५ हा वर्ग ठरला, आणि औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगाच्या उद्रेकांमुळे तो रुग्णालयांत शिरला. क्षयरोगाच्या संदर्भात एकाच कर्मचाऱ्याने आपला मास्क, तो शाबूत असेपर्यंत, पुन्हा वापरण्यास तेव्हाच्या मार्गदर्शनात मुभाही होती.

पुढचा सगळा पेच या विद्युतभारातच आहे. जंतू मारण्याचे उपाय रुग्णालयाकडे भरपूर असतात. अडचण अशी की त्यांतले बरेचसे उपाय जंतूंबरोबर मास्कही निकामी करतात आणि हे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. अल्कोहोलात बुडवलेला किंवा साबणाने धुतलेला एन-९५ वाळल्यावर पूर्वीसारखाच दिसतो, पण त्याचा विद्युतभार गेलेला असतो आणि गाळणक्षमता घसरलेली असते. तो घालणारी परिचारिका मात्र आपण सुरक्षित आहोत असे समजून रुग्णाजवळ जाते. पुनर्वापराच्या प्रत्येक चर्चेत हा धोका सर्वांत आधी सांगितला पाहिजे, असे मला वाटते.

बर्ड फ्लूची भीती जगभर असताना, २००६ साली, अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या समितीने नेमका हाच प्रश्न विचारात घेतला आणि एकदा वापरायचे मास्क सुरक्षितपणे पुन्हा वापरता येतील असा कोणताही सोपा उपाय हाती नाही, असा निष्कर्ष काढला. त्यानंतर पिट्सबर्ग येथील सरकारी प्रयोगशाळेत कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी एकेक पद्धत तपासली. अल्कोहोल आणि साबण बाद झाले. मायक्रोवेव्ह भट्टीत काही मास्क वितळले. ब्लीचचा वास मास्कमध्ये टिकून राहिला. इथिलीन ऑक्साइडने गाळणक्षमता टिकली, पण हा वायू कर्करोगकारक असल्याने चेहऱ्यावर बांधायच्या वस्तूत त्याचा अंश उरणे चिंतेचे होते. अतिनील किरण, हायड्रोजन पेरॉक्साइडची वाफ आणि दमट उष्णता एवढ्याच पद्धती आशादायक ठरल्या. याच काळात आणखी एक गोष्ट लक्षात आली: मास्क सुमारे पाचपेक्षा अधिक वेळा घातला-काढला, तर तो चेहऱ्याला घट्ट बसेनासा होतो. कडेने हवा आत शिरू लागली, की गाळण थर कितीही उत्तम असला तरी त्याचा उपयोग उरत नाही.

दरम्यान २००९ची स्वाईन फ्लूची साथ येऊन गेली. भारतातील तिचा पहिला मृत्यू पुण्यात झाला आणि मास्कसाठी औषधांच्या दुकानांपुढे लागलेल्या रांगा अनेक पुणेकरांना आजही आठवत असतील. अमेरिकेच्या राष्ट्रीय साठ्यातील एन-९५चा मोठा भाग त्या साथीत खर्च झाला आणि पुढे तो पुरेसा भरला गेला नाही. संशोधन मात्र सुरू राहिले. २०१६ साली बॅटेलने अन्न व औषध प्रशासनाला दिलेल्या अहवालानुसार पेरॉक्साइडच्या वाफेच्या पन्नास फेऱ्यांनंतरही गाळण थर टिकून होता. इलास्टिकचे पट्टे मात्र तीसेक फेऱ्यांनंतर खराब झाले. २०२०च्या परवानगीतील वीस हा आकडा या अहवालाशी ताडून पाहिला, म्हणजे त्यामागचे गणित कळते.

करोनाची साथ आली तेव्हा जगातील सुमारे निम्मे मास्क बनवणारा चीन स्वतःच टंचाईत होता. नेब्रास्कातील रुग्णालयाने एका खोलीच्या भिंतींना किरण परावर्तित करणारा लेप दिला, कर्मचाऱ्यांची नावे लिहिलेले मास्क दोऱ्यांवर लटकवले आणि दिव्यांच्या दोन मनोऱ्यांतून त्यांवर अतिनील किरण सोडले. ज्याचा मास्क त्यालाच परत मिळे. लेपाची गरज होती, कारण हे किरण सावलीत पोहोचत नाहीत आणि मास्कच्या घड्यांत सावलीच असते. पेरॉक्साइडच्या वाफेसाठी पाठवलेल्या मास्कवर प्रसाधनाचा डाग असला, तरी तो नाकारला जाई. ज्यांत सेल्युलोज (कागद-कापसातला वनस्पतिजन्य पदार्थ) असते ते मास्क तर ही वाफच शोषून घेत. निवृत्त झालेले पीटर त्साय पुन्हा कामाला लागले आणि ७० अंश सेल्सिअस तापमानाच्या कोरड्या उष्णतेचे मार्गदर्शन करू लागले. गॅमा किरणांचा प्रयोगही झाला. त्यात मास्कचा आकार टिकला, पण गाळणक्षमता ढासळली.

भारतात यंत्रसामग्रीपेक्षा काळाचा आधार अधिक घेतला गेला. प्लॅस्टिकवर करोनाचा विषाणू सुमारे तीन दिवस टिकतो, असे प्रयोगांत दिसले होते. दिल्लीच्या एम्सने कर्मचाऱ्यांना पाच मास्क द्यायचे ठरवले. त्यांवर क्रमांक घालायचे, वापरलेला मास्क कागदी पिशवीत तीन-चार दिवस वाळू द्यायचा आणि असे प्रत्येक मास्क चारदा वापरून वीस दिवस काढायचे. पिशवी कागदाचीच हवी, कारण प्लॅस्टिकमध्ये ओलावा कोंडून राहतो.

अमेरिकेतील परिचारिकांच्या सर्वांत मोठ्या संघटनेने या पद्धतींना उघड विरोध केला आणि तो रास्त होता. प्रयोगशाळेतला मास्क पुतळ्याच्या डोक्यावर असतो. कामावरचा मास्क बारा-बारा तास घामाने भिजतो आणि दर वेळी घाईत ओढून बसवला जातो. जानेवारी २०२१मध्ये अन्न व औषध प्रशासनाने वीस फेऱ्यांची मर्यादा चारवर आणली, आणि ३० जून २०२१ रोजी, नव्या मास्कचा पुरवठा पुरेसा झाल्याचे सांगून, निर्जंतुकीकरणाच्या सगळ्या परवानग्या मागे घेतल्या.

दुसरी वाट त्याच पिट्सबर्ग शहरातील एका रुग्णालय समूहाने २०२०मध्येच धरली होती. कारखान्यांत वापरतात तसे, पुसून स्वच्छ करता येणारे आणि बदलता येणाऱ्या गाळण्या बसवलेले रबरी श्वसनरक्षक त्यांनी कर्मचाऱ्यांना दिले, आणि महिन्याभरात त्यांची एन-९५ची गरज सुमारे ९५ टक्क्यांनी घटली. या रबरी मास्कमध्ये बोलणे नीट ऐकू येत नाही, आणि झडप असलेल्या प्रकारात उच्छ्वास न गाळता बाहेर पडत असल्याने शस्त्रक्रियेच्या टेबलाजवळ तो तसाच वापरता येत नाही.