ब्रँडीतलं फळ, वरचं पीठ : कॉब्लरची पार्श्वभूमी

कॉब्लर म्हणजे खाली शिजलेलं फळ आणि वर भाजलेलं पीठ. एवढंच. त्याला थर नसतात, क्रीम नसतं, कापून सुबक तुकडे पडत नाहीत. ज्या भांड्यात भाजला त्याच भांड्यातून डावाने वाढायचा. ताटात उलटा केलात तर सगळा चिखल. त्यामुळे वाढदिवसाच्या टेबलावर तो कधी मिरवत नाही. तरी सोलापुरात घरून केक करून देणाऱ्या बायकांकडे नाताळाच्या आसपास ‘ते ब्रँडी घातलेलं फळांचं काहीतरी’ अशी विचारणा हल्ली होते. पाठोपाठ दोन प्रश्न येतात. हे आलं कुठून? आणि त्यात ब्रँडी कशाला? दुसरा प्रश्न जरा आवाज खाली आणून विचारला जातो.

पहिल्याचं उत्तर अमेरिकेत आहे. इंग्लंडहून तिकडच्या वसाहतींत गेलेल्या लोकांना घरच्या पुडिंगची सवय होती. गुरांची चरबी पिठात मळायची, फडक्यात बांधायची आणि तासन्‌तास उकडायची, असा तो प्रकार. नव्या मुलुखात ते सामान आणि ती भांडी जमेनात. हाताशी काय होतं? झाडाची किंवा वाळवलेली फळं, थोडं पीठ, आणि बिडाचं एक जाड भांडं. त्या भांड्याला खाली तीन पाय, आणि झाकणाला उभी कड. पायांमुळे खाली निखारे सरकवता येत, कडेमुळे झाकणावर ठेवलेले निखारे घसरत नसत. वरून-खालून आच लागली की झाली भट्टी. भिंतीतली भट्टी नसलेल्या घरात आणि पुढे पश्चिमेकडे निघालेल्या बैलगाड्यांच्या तळांवर कॉब्लर भाजला गेला तो याच भांड्यात. आज ओव्हन घेतल्यावर करून बघायचा पदार्थ म्हणून आपण त्याच्याकडे पाहतो, पण त्याचा जन्म ओव्हन नसल्यामुळे झालेला आहे.

छापील पुरावा एकोणिसाव्या शतकात सापडतो. १८३९ मध्ये केंटकीतल्या एका पाकपुस्तकात पीचच्या कॉब्लरची कृती आहे. पाहुण्यांपुढे ठेवण्याइतका हा प्रकार फॅशनेबल नाही, पण घरच्यांसाठी उत्तम, असा शेरा लेखिकेने तिथे मारून ठेवलाय. तो आजही लागू आहे. १८५९ च्या अमेरिकी बोलीच्या एका कोशात कॉब्लरचं वर्णन ‘जाड पिठाचं अस्तर लावलेल्या भांड्यात भाजलेला पाय’ (इंग्रजीतला pie, पिठाच्या आवरणात भाजलेला पदार्थ) असं येतं. म्हणजे तेव्हा पीठ खालीही असे. (त्याच सुमारास, १८६० मध्ये, पुण्याकडून येणारा रेल्वेचा रूळ सोलापूरला पोचला. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, काळाचा अंदाज यावा म्हणून सांगितलं.)

खालचं पीठ जाऊन वरचे फुगीर गोळे राहिले, त्यात खाण्याच्या सोड्याचा मोठा वाटा आहे. १८४० च्या दशकात अमेरिकेत सोडा कारखान्यात तयार होऊन दुकानातून मिळू लागला. १८४३ मध्ये इंग्लंडमध्ये आल्फ्रेड बर्ड यांनी बेकिंग पावडर केली, तीही बायकोला यीस्ट सोसत नव्हतं म्हणून. आंबट ताकात सोडा पडला की पीठ दहा मिनिटांत हलकं होतं, रात्रभर आंबवायची गरज राहत नाही. मग मैद्यात गार लोणी बोटांनी चोळायचं, ताकाने सैल भिजवायचं आणि फळावर चमच्याने गोळे टाकायचे. गोळ्यांच्या फटींतून फळाचा रस उकळून वर येतो आणि कडेला चिकट होऊन करपतो. खाणाऱ्यांची भांडणं त्या कडेवरूनच होतात.

कुटुंब मोठं आहे. न्यू इंग्लंडमध्ये हाच प्रकार चुलीवर झाकण ठेवून वाफवतात, त्याला स्लंप किंवा ग्रंट म्हणतात. ब्रिटनचा क्रंबल हा चुलतभाऊ, तो दुसऱ्या महायुद्धातल्या रेशनिंगच्या काळात घरोघरी पोचला. शेरी कॉब्लर नावाचं बर्फ घातलेलं पेयही अमेरिकेत होतं, पण ते वेगळं प्रकरण. दक्षिणेकडच्या राज्यांत मात्र कॉब्लर म्हटलं की पीचच. तिथे तो घडवण्यात कृष्णवर्णीय स्वयंपाकिणींचा हात मोठा आहे, आणि त्यातल्या बहुतेकींची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

आता ब्रँडी. ती चवीसाठी आली असं आपण धरून चालतो. मला ते पटत नाही. फळ टिकवायला ती आधी आली, चव मागाहून. डबाबंद अन्नाची युक्ती फ्रान्सच्या निकोला आपेर यांनी १८१० मध्ये छापून जाहीर केली. फिरकीच्या झाकणाच्या काचेच्या बरणीचं पेटंट जॉन मेसन यांनी अमेरिकेत घेतलं ते १८५८ मध्ये. तोवर उन्हाळ्यातलं फळ हिवाळ्यापर्यंत न्यायचं तर मार्ग मोजकेच होते : वाळवा, साखरेत मुरवा, नाहीतर दारूत बुडवा. सुखवस्तू घरांत पीचची साल काढून, साखरेच्या पाकात घोळवून, बरणीत ब्रँडीखाली ठेवत. आपल्याकडे लोणच्यावर तेलाचा तवंग ठेवतात त्याच कारणाने. बरणी उघडली की फळासोबत तो अर्कही भांड्यात पडणारच. तो ओतून कोण देईल?

शिवाय तिथे ब्रँडी दुर्मीळ नव्हती. सफरचंदं आणि पीच इतके पिकत की उरलेला माल गाळायला जाई. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९७ मध्ये माउंट व्हर्नन या आपल्या मळ्यावर दारूभट्टी सुरू केली. मुख्य माल राय व्हिस्कीचा, पण फळांची ब्रँडीही तिथे निघे. पुढे १९२० ते १९३३ ही तेरा वर्षं सगळ्या अमेरिकेत दारूबंदी आली, आणि दारूची बाटली स्वयंपाकघरातून निदान उघडपणे तरी गेली. तोवर बरण्या आणि डबे स्वस्त झाले होते. फळ टिकवायला ब्रँडी लागत नव्हती. त्यानंतर कॉब्लरमध्ये ती पडली ती निव्वळ हौसेने.

सोलापूरला अमेरिकन माणसं नवीन नाहीत. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईला आले, १८३१ मध्ये नगरला, आणि शतकाच्या उत्तरार्धात सोलापुरात त्यांचं ठाणं झालं. शाळा काढल्या, बालवाडी काढली. त्यांच्या बंगल्यांत कॉब्लर होत असेल तर नवल नाही, पण ब्रँडी त्यात नसणार, हे मी पैजेवर सांगेन. ज्या चर्चमधून ही मंडळी आली तिथे दारूविरोधी चळवळ ऐन भरात होती.

दारूच्या बाबतीत खुद्द गावाचा इतिहासही साधा नाही. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं, आणि लोक रूपाभवानीच्या परिसरात शिंदीची झाडं तोडायला निघाले. सरकारला ताडी-शिंदीतून मिळणारा महसूल तोडायचा, हा हेतू. गोळीबार झाला, गावात मार्शल लॉ आला. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना फाशी दिलं गेलं. ज्या गावाच्या स्वातंत्र्यलढ्याची आठवणच दारूचं झाड तोडण्याशी बांधलेली आहे, तिथे गोड पदार्थात ब्रँडी म्हटल्यावर आवाज खाली येतो, यात मला काही मागासलेपण दिसत नाही.

त्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातली काही कलमं रद्द केली. अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं यांच्यावर सरसकट बंदी घालता येणार नाही, असं ठरलं. साठच्या दशकात बंदी सैल झाली, परवान्याची पद्धत मात्र राहिली. या सगळ्या काळात ब्रँडीने मराठी घरात एक चोरवाट धरली, ती औषधाच्या कपाटाची. बाळंतिणीला थंडी वाजली, म्हाताऱ्यांना कफ झाला की चमचाभर, तीही कोमट पाण्यात. लहान मुलांच्या छातीला चोळायचे ते वेगळंच. डॉक्टर आज याला साफ नको म्हणतात आणि त्यांचं बरोबर आहे. पण ब्रँडीवर पडलेला औषधाचा शिक्का पुसलेला नाही. कॉब्लर पुढे आल्यावर होणारा संवाद बहुतेक असा असतो :

“अगं, ह्यात दारू घातलीस?”

“दारू नाही हो काकू, ब्रँडी. दोनच चमचे.”

“मग ठीक आहे. अंडं नाही ना?”

हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. कॉब्लरच्या वरच्या पिठात अंडं लागतच नाही, फक्त मैदा, लोणी, ताक, साखर. लिंगायत, जैन, मारवाडी शेजार असलेल्या गावात केकला जे दार बंद असतं ते कॉब्लरला उघडं मिळतं. फक्त ब्रँडीचं काय करायचं ते ज्याचं त्याने बघायचं. बेकऱ्यांनी आपल्यापुरतं उत्तर केव्हाच काढलंय : रमचा किंवा ब्रँडीचा इसेन्स. वास येतो, चव येत नाही. माझ्या मते त्यापेक्षा काहीच न घातलेलं बरं.

फळांचं मात्र सोलापूरला कुणाकडे मागायला जावं लागत नाही. नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी थॉमसन सीडलेसमधून सोनाका ही लांबट मण्यांची द्राक्षाची जात निवडली. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. बार्शी तालुक्यातलं गोरमाळे सीताफळासाठी नावाजलेलं. पण सगळं फळ आचेला चालत नाही. सीताफळ तापलं की कडवट होतं. डाळिंबाचे दाणे भट्टीतून आले की दाताखाली नुसत्या बिया. बोरं पिठूळ होतात. चांगला उतरतो पेरू, बिया काढून. आणि द्राक्षं, पण त्यांत पाणी फार, चमचा-दोन चमचे कॉर्नफ्लोअर लावलं नाही तर वरचे गोळे पोहायला लागतात.

सगळ्यात उत्तम बेदाणा. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो. फेब्रुवारीपासून शेडमध्ये रॅकवर जाळीत पसरलेले घड कोरड्या हवेत आक्रसत जातात, हिरव्याचा पिवळसर होतात. पंढरपूरच्या सौद्यात आकाराने बारीक, रंगाने डागी माल मागे पडतो. भिजवायचाच असल्यामुळे कॉब्लरला तो पुरतो. असा बेदाणा रात्रभर ब्रँडीत ठेवला की सकाळी टपोरा फुगलेला असतो, आणि वाटीतली ब्रँडी गडद. पीचची बरणी जे काम करायची तेच काम इथे बेदाणा करतो, तेही डिसेंबरात, ताजी द्राक्षं अजून वेलीवर आंबट असताना.

यात एक गंमत आहे, ती फारशी कुणी बोलत नाही. ब्रँडी म्हणजे द्राक्षाची, असं आपण समजतो. फ्रान्सच्या कोन्याकची खरोखर तशी असते. साधारण नऊ लिटर वाइन दोनदा गाळावी तेव्हा लिटरभर अर्क मिळतो. आपल्याकडच्या दुकानातल्या बहुतेक स्वस्त बाटल्यांत मात्र मुख्य अर्क उसाच्या मळीचा, आणि द्राक्षाच्या अर्काची थोडी जोड. एक टन ऊस गाळला की चाळीस-पंचेचाळीस किलो मळी निघते, आणि राज्यात सर्वाधिक साखर कारखाने आहेत ते याच जिल्ह्यात. तेव्हा नान्नजचा बेदाणा आणि त्याच्यावर ओतलेली ब्रँडी दोन्ही जिल्ह्यातलेच असू शकतात, पण एक द्राक्षबागेतून आलेला आणि दुसरी उसाच्या फडातून. अकलूजच्या बाजूला वाइनची द्राक्षं आणि वायनरी आहे, पण तिथला माल वाइन म्हणूनच विकला जातो. तो गाळायला देणं कुणाला परवडायचं नाही.

भाजण्याचा प्रश्न गावाने आपल्या पद्धतीने सोडवला. दिवाळीआधी मैदा, तूप, साखर घेऊन पेठेतल्या बेकरीत जायचं आणि नानकटाई भाजून आणायची, ही रीत जुनी. लाकडाच्या भट्टीत पावाचा घाणा निघाला की उरलेली आच कॉब्लरला अगदी बेताची असते. काही बेकरीवाले ट्रे ठेवून घेतात, काही ब्रँडीचा वास आला की हात जोडतात. घरात आधी अ‍ॅल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन आला, मग ओटीजी (ओव्हन, टोस्टर, ग्रिल एकत्र असलेला). ज्यांच्याकडे दोन्ही नाही त्या शिट्टी काढलेल्या कुकरमध्ये मीठ किंवा वाळू तापवून भाजतात. त्यात खालून आच पुरते, वरचं पीठ पांढरंच राहतं. जाड तव्यावर निखारे घेऊन तो झाकण म्हणून ठेवला की रंग येतो.

शेवटी पाहुण्यांना काय सांगायचं, तो मुद्दा. ‘भाजताना दारू उडून जाते’ हे वाक्य सर्रास फेकलं जातं, आणि ते खोटं आहे. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं हे खरं, पण पाण्यात आणि साखरेत मिसळल्यावर ते सुखासुखी सुटत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार पदार्थात मिसळलेल्या अल्कोहोलपैकी १५ मिनिटं शिजवल्यावर ४० टक्के उरतं, अर्ध्या तासाने ३५ टक्के, तासाभराने २५ टक्के. अडीच तासांनंतरही ५ टक्के शिल्लक असतंच. कॉब्लर भट्टीत राहतो पस्तीस-चाळीस मिनिटं, म्हणजे घातलेल्या ब्रँडीतलं जवळपास एक तृतीयांश अल्कोहोल ताटात येतं. सहा जणांच्या भांड्यात दोन चमचे घातले तर माणशी काही थेंबच, पण व्रत असलेल्याला किंवा दारू सोडलेल्याला थेंबाचाही प्रश्न असतो. म्हणून दोन भांडी करावीत. एकात ब्रँडीतला बेदाणा, दुसऱ्यात द्राक्षाच्या किंवा संत्र्याच्या रसात भिजवलेला, आणि दुसऱ्याच्या गोळ्यांवर ओळखीला बदामाचं काप खोचावं. मुलांना, गरोदर बायांना आणि काकूंना कुठल्या भांड्यात काय आहे ते आधी सांगून मगच वाढावं.