बुएना व्हिस्टा सोशल क्लब
क्यूबाची राजधानी हॅवाना येथील एक जुना नृत्य-क्लब, आणि १९९६ मध्ये एकत्र आलेल्या बहुतांशी वयोवृद्ध वादक-गायकांच्या संचाला त्यावरून पडलेले नाव. या दोहोंचा प्रत्यक्ष संबंध वाटतो त्यापेक्षा बराच पातळ आहे.

मूळ क्लब मार्यानाओ भागातील बुएनाव्हिस्टा वस्तीत होता. त्या काळी क्यूबातील करमणुकीच्या संस्थाही वर्णानुसार विभागलेल्या असत. हा क्लब कृष्णवर्णीयांचा. स्थापना बहुधा १९३२ ची. जागेबद्दल मात्र एकवाक्यता नाही. मार्यानाओतील दुसऱ्या एका क्लबच्या माजी संचालकांच्या सांगण्यानुसार तो आधी एका लहान लाकडी वास्तूत भरे. ती अपुरी पडू लागल्यावर १९३९ मध्ये ३१ क्रमांकाच्या हमरस्त्यावर, ४६ व ४८ या रस्त्यांच्या दरम्यान, ४६१० क्रमांकाच्या घरात गेला. १९९० च्या दशकात शोध घेणाऱ्यांना मात्र वस्तीतल्या लोकांनी एक जागा ठामपणे दाखवली नाही. घरक्रमांकासह मिळणारी माहिती त्यातल्या त्यात ग्राह्य दिसते. क्लबने जागा बदलली असेल, तर रहिवाशांचा घोळही समजण्यासारखा आहे. १९५९ च्या क्रांतीनंतर अशा वर्णाधिष्ठित संस्था मोडीत निघाल्या, त्यांत हाही गेला.

नाव टिकले ते क्लबच्याच नावाच्या, दांसोन या क्यूबन नृत्यप्रकारातील एका रचनेमुळे. ती इस्राएल ‘काचाओ’ लोपेस यांची. १९९६ च्या ध्वनिमुद्रणात कॉन्ट्राबास (मोठे, खर्जातले तंतुवाद्य) वाजवणारे ‘काचाइतो’ हे त्यांचे पुतणे. संचातील पियानोवादक रूबेन गोन्सालेस यांनी ही रचना वाजवली आणि संचाला नाव मिळाले.

ध्वनिमुद्रणाचा मूळ बेत वेगळाच होता. लंडनच्या वर्ल्ड सर्किट कंपनीचे निक गोल्ड यांना पश्चिम आफ्रिकेतील माली या देशाचे वादक आणि पूर्व क्यूबाचे कलावंत एकत्र आणायचे होते. मालीची मंडळी हॅवानाला पोहोचू शकली नाहीत. तेव्हा क्यूबन संगीतकार हुआन दे मार्कोस गोन्सालेस यांनी शहरातले जुने कलावंत गोळा केले आणि मार्च १९९६ मध्ये एग्रेम या क्यूबाच्या सरकारी ध्वनिमुद्रण कंपनीच्या स्टुडिओत सहा दिवसांत काम उरकले. अमेरिकन गिटारवादक राय कूडर निर्माते होते (विश्वमोहन भट्ट यांच्याबरोबरच्या ध्वनिमुद्रणामुळे भारतीय श्रोत्यांना परिचित).

या घटनेला सर्रास ‘पुनर्मीलन’ म्हणतात. काटेकोरपणे पाहता ते तसे नाही, कारण या सर्वांचा मिळून एक वाद्यवृंद पूर्वी कधी नव्हताच. ‘विस्मृतीतून बाहेर काढलेले म्हातारे’ हे वर्णनही सरसकट लागू पडत नाही. ओमारा पोर्तुओंदो सतत गात होत्या, कोंपाय सेगुंदो स्पेनमध्ये कार्यक्रम करत होते, एलियादेस ओचोआ १९७८ पासून ‘क्वार्तेतो पात्रिया’ हा वाद्यवृंद चालवत होते. वर्णन खरे ठरते ते मुख्यतः दोघांबाबत. इब्राहिम फेरेर गाणे सोडून बूटपॉलिश करून चार पैसे मिळवत होते. १९४० च्या दशकात वाद्यवृंदप्रमुख आर्सेन्यो रोद्रिगेस यांच्या साथीला असलेले रूबेन गोन्सालेस निवृत्त होते, बोटांना संधिवात होता, घरी पियानोही उरला नव्हता. स्टुडिओचे दार उघडायच्या आधीच ते येऊन थांबत आणि उघडताच थेट पियानो गाठत.

कोंपाय सेगुंदो (१९०७–२००३) यांच्या नावाची फोड उद्‌बोधक आहे. ‘कोंपाय’ म्हणजे ‘कोंपाद्रे’चे, दोस्ताचे बोलीरूप, ‘सेगुंदो’ म्हणजे दुसरा, कारण ‘लोस कोंपाद्रेस’ या जोडीत ते खालच्या पट्टीतला दुसरा आवाज लावत. त्यांचे आर्मोनिको हे वाद्य त्यांनी स्वतःच घडवलेले. स्पॅनिश गिटारला सहा सुट्या तारा असतात, तर ‘त्रेस’ या गिटारसारख्या क्यूबन वाद्याला तारांच्या तीन जोड्या. आर्मोनिकोत गिटारच्या सहा तारा ठेवून मधल्या ‘जी’ तारेला जोड दिली आहे, म्हणजे एकूण सात. त्यामुळे गिटारचा पल्ला राहतो आणि ‘त्रेस’चा झणत्कारही मिळतो.

ध्वनिमुद्रिका १९९७ मध्ये निघाली व १९९८ मध्ये तिला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. संपूर्ण संचाचे कार्यक्रम मोजकेच झाले : एप्रिल १९९८ मध्ये ॲम्स्टरडॅम आणि १ जुलै १९९८ रोजी न्यूयॉर्कचे कार्नेगी हॉल. जर्मन दिग्दर्शक विम वेंडर्स यांचा या संचावरील माहितीपट १९९९ चा. २००० साली फेरेर यांना लॅटिन ग्रॅमीचा ‘सर्वोत्कृष्ट नवोदित कलावंत’ पुरस्कार देण्यात आला; तेव्हा त्यांचे वय ७३ होते. गोन्सालेस २००३ मध्ये, फेरेर २००५ मध्ये निवर्तले. उरलेल्यांनी निरोपाचा दौरा २०१६ पर्यंत केला. मालीच्या वादकांबरोबरचा फसलेला बेत ‘आफ्रोक्युबिझम’ या २०१० च्या ध्वनिमुद्रिकेत, ओचोआ यांच्यासह, तडीस गेला.