उंची विकणारा देश

लेसोथोचा नकाशा पाहिला की प्रथम डोळ्यांत भरते ती त्याची कोंडी. सुमारे ३० हजार चौरस किलोमीटरच्या या देशाला चारही बाजूंनी एकट्या दक्षिण आफ्रिकेने वेढले आहे. अशी स्थिती जगात आणखी फक्त व्हॅटिकन आणि सॅन मारिनो या चिमुकल्या राज्यांची आहे. सपाट कागदावर मात्र या देशाचे खरे वैशिष्ट्य दिसत नाही. येथील सर्वांत सखल जागाच समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटरवर, म्हणजे महाबळेश्वराच्या उंचीवर आहे. राजधानी मासेरू साधारण कळसूबाईच्या माथ्याइतक्या उंचीवर वसली आहे, आणि थाबाना न्त्लेन्याना हे ३,४८२ मीटरचे शिखर आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात सर्वांत उंच आहे.

या डोंगरांचा दगड मराठी वाचकाच्या ओळखीचा आहे. सुमारे १८ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी, गोंडवन हे महाखंड फुटण्याच्या सुमारास, जमिनीतील लांबलचक भेगांमधून लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर साचत गेले. झीज होऊनही त्या बेसाल्टची जाडी आज काही ठिकाणी १,४०० मीटरहून अधिक आहे. दख्खनचा बेसाल्ट बराच अलीकडचा, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. पण घडण्याची रीत तीच असल्यामुळे सह्याद्रीत दिसतात तसे पायऱ्यापायऱ्यांचे काळे कडे तेथेही दिसतात. या बेसाल्टखाली फिकट पिवळा वालुकाश्म आहे. तो एका प्राचीन वाळवंटातील वाळूच्या टेकड्यांपासून बनला असून त्याच्या कपारींत ‘सान’ या तेथील आदिवासींनी काढलेली चित्रे आजही आहेत. पुढे किंबरलाइट या हिरे वर आणणाऱ्या ज्वालामुखी खडकाच्या नळ्या हे सगळे थर भेदून वर आल्या. तीन हजार मीटरहून उंचावरील लेत्सेंगच्या खाणीत २०१८ मध्ये ९१० कॅरटचा हिरा सापडला, तो अशाच एका नळीतला.

राष्ट्र म्हणून बासोथो, म्हणजे लेसोथोचे लोक, एकत्र आले तेही एका डोंगराच्या आधाराने. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या प्रदेशात युद्धे आणि दुष्काळ यांमुळे टोळ्याच्या टोळ्या देशोधडीला लागल्या होत्या. १८२४ मध्ये मोश्वेश्वे या सरदाराने थाबा बोसियू या सपाट माथ्याच्या डोंगरावर ठाणे मांडले आणि आश्रयाला येणाऱ्यांना जवळ केले. माथ्यावर झरे, गुरांना चारा आणि वर चढायला मोजक्याच वाटा, हे गणित गडकिल्ल्यांच्या प्रदेशातील माणसाला समजावून सांगायला नको. डोंगर शत्रूच्या हाती पडला नाही, पण सभोवतालची जमीन गेली. ऑरेंज फ्री स्टेट या बोअर (डच वंशाच्या वसाहतकऱ्यांच्या) राज्याशी झालेल्या युद्धांत कॅलेडन नदीपलीकडची सुपीक शेते गमावल्यावर मोश्वेश्वेने ब्रिटिशांकडे संरक्षण मागितले आणि १८६८ मध्ये ते मिळाले. ४ ऑक्टोबर १९६६ रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा पिकाऊ जमीन सीमेपलीकडे आणि खडक अलीकडे, अशी वाटणी कायम झालेली होती. म्हणूनच पिढ्यानपिढ्या येथील पुरुष दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत राबले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्यांची संख्या एक लाखाहून अधिक होती. पुढे खाणींतील कामगारकपातीने हा आधार झपाट्याने खचला.

ज्या सोन्याने हे मजूर ओढून नेले, त्यानेच पाण्याचा बाजारही उभा केला. १८८६ मध्ये सोने सापडले म्हणून जोहान्सबर्ग वसले, पण ते एका जलविभाजकाच्या, म्हणजे पाणी दोन दिशांना वाटणाऱ्या उंचवट्याच्या, धारेवर वसले. त्याच्याजवळ मोठी नदीच नाही. जवळच्या वाल नदीचे पाणी अपुरे पडू लागले तेव्हा लक्ष लेसोथोकडे गेले. येथील उंच डोंगर ढग अडवतात आणि थंडीमुळे बाष्पीभवन कमी होते. ते पाणी सेन्कू, म्हणजेच ऑरेंज, नदीतून पश्चिमेला अटलांटिकपर्यंत जाते. खाली सपाटीवर अडवून ते उपसत वर आणायचे, की डोंगरातच धरून बोगद्यांतून आपोआप उतरू द्यायचे, हा खरा प्रश्न होता. दोन्ही देशांच्या १९८६ च्या कराराने दुसरा मार्ग स्वीकारला आणि पहिल्याच्या तुलनेत होणाऱ्या बचतीतील ५६ टक्के वाटा लेसोथोला स्वामित्वधन म्हणून द्यायचे ठरले. थोडक्यात, देश पाणी विकतो असे आपण म्हणतो, पण किंमत मोजली जाते ती उंचीची. त्याच वर्षी जानेवारीत दक्षिण आफ्रिकेने सीमेवर नाकेबंदी केली होती आणि लेसोथोत लष्कराने सत्ता घेतली होती. करार ऑक्टोबरमध्ये झाला. हा घटनाक्रम विसरून वाटाघाटींचे मूल्यमापन करू नये, असे मला वाटते.

१८५ मीटर उंचीचे कात्से धरण, मोहाले धरण आणि त्यांना जोडणारे बोगदे मिळून या पाणी प्रकल्पाचा पहिला टप्पा उभा राहिला. त्यातून वर्षाला सुमारे ७८ कोटी घनमीटर, म्हणजे साडेसत्तावीस टीएमसी पाणी देता येते. पुण्याच्या खडकवासला साखळीतील चारही धरणांच्या साठ्याहून हे थोडेसेच कमी. वाटेत मुएला येथे ७२ मेगावॅट वीज तयार होते. कात्सेत पाणी साठू लागले तेव्हा लहान भूकंप जाणवले आणि मापेलेंग गावातून लांब भेग गेली. जलाशयाच्या भारामुळे आणि खडकांच्या फटींत शिरलेल्या पाण्याच्या दाबामुळे आधीच ताणाखाली असलेले जुने भ्रंश (खडकांतील मोठे तडे) सरकू शकतात. कोयनेच्या १९६७ च्या विनाशकारी भूकंपाचे कारण याच प्रक्रियेत शोधले जाते. कात्सेचे धक्के त्या मानाने फारच सौम्य होते.

हिशेबाची दुसरी बाजूही आहे. खोऱ्यांतील मोजकी पिकाऊ जमीन पाण्याखाली गेली, प्रकल्पाच्या माजी प्रमुख अधिकाऱ्याला २००२ मध्ये लाचखोरीबद्दल तुरुंगवासाची शिक्षा झाली, आणि मासेरूच्या पाण्यासाठी मेतोलोंगचे वेगळे धरण बांधावे लागले. खाणींनंतरचा दुसरा मोठा रोजगार कपड्यांच्या कारखान्यांचा. ते जीन्स आणि टी-शर्ट अमेरिकेला पाठवतात, आणि एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने लेसोथोवर ५० टक्के आयातशुल्क जाहीर केले तेव्हा तेथे धडकी भरली. पुढे ते १५ टक्क्यांवर आले. एकाच गिऱ्हाइकावर विसंबण्याची जोखीम पाण्यातही आहे, पण पाण्याच्या गिऱ्हाइकाला दुसरीकडे जाणे सोपे नाही.

आता सेन्कूवर पोलिहाली धरणाचे काम सुरू आहे. त्याच्या वरच्या अंगाला, डोंगरमाथ्याजवळ, दलदलीच्या गवताळ पाणथळी आहेत. त्या पावसाचे आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी स्पंजासारखे धरून कोरड्या महिन्यांत हळूहळू सोडतात. याच माथ्यांवर मेंढ्या आणि अंगोरा शेळ्या चरतात, आणि लोकर व मोहेर हे डोंगरातील कित्येक कुटुंबांचे रोख उत्पन्न आहे. चराई वाढली की पाणथळी तुडवल्या जातात, उघडी माती घळींतून वाहून जाते आणि अखेर जलाशयांत साचते.