टॉर्पेडो न सोडता बुडवलेलं जहाज: यू-17 आणि ग्लिट्रा

पहिलं महायुद्ध सुरू असताना, 20 ऑक्टोबर 1914 रोजी नॉर्वेच्या नैऋत्य किनाऱ्याजवळ, स्कुडेनेसच्या समोरच्या समुद्रात, यू-17 या जर्मन पाणबुडीने ग्लिट्रा हे ब्रिटिश व्यापारी जहाज अडवलं. ग्लिट्रा स्कॉटलंडच्या ग्रेंजमथ बंदरातून कोळसा, लोखंडी पत्रे आणि तेल घेऊन स्टाव्हान्गरला निघालं होतं. पाणबुडीने बुडवलेलं हे जगातलं पहिलं व्यापारी जहाज. त्यासाठी एकही टॉर्पेडो खर्ची पडला नाही. जहाजाच्या तळाच्या झडपा उघडून समुद्रालाच आत घेतलं गेलं.

असं का केलं, हे यू-17 ची रचना पाहिली की कळतं. ही पाणबुडी 1912 मध्ये नौदलात आली. लांबी सुमारे 62 मीटर, पाण्यावर असताना वजन 564 टन. टॉर्पेडोच्या नळ्या चार, दोन पुढे आणि दोन मागे. टॉर्पेडो मात्र एकूण सहा. ते संपले की बंदर गाठण्याशिवाय इलाज नव्हता. 866 टनांच्या मालवाहू जहाजासाठी त्यातला एक वापरणं परवडणारं नव्हतं.

या पाणबुडीची इंजिनं रॉकेलवर चालत. पेट्रोलची वाफ बंद जागेत साठली की स्फोटाची भीती, आणि पाणबुडीला पेलेल असं भरवशाचं डिझेल इंजिन जर्मन नौदलाला यू-19 पासून, म्हणजे 1913 मध्ये मिळालं. तोवर कॉर्टिंग कंपनीच्या रॉकेल इंजिनांवरच भागवावं लागलं. वातीचा स्टोव्ह विझवल्यावर डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर येतो. ती न जळलेल्या रॉकेलची वाफ असते. कॉर्टिंग इंजिनातूनही तसाच दाट पांढरा धूर निघे. दिवसा तो लांबवरून दिसे, रात्री धुराड्यातून ठिणग्या उडत. शिवाय डेकवरचं हे उंच धुराडं बुडी मारण्याआधी आडवं करून त्याचं तोंड बंद करावं लागे. शत्रूची विनाशिका अंगावर येत असताना तेवढा उशीरही जिवावर बेतू शकतो.

पाण्याखाली गेल्यावर सगळी मदार बॅटरीवर. ताशी 5 सागरी मैलांच्या मंद चालीने 75 ते 80 सागरी मैल जाता येई. वेग वाढवला की वीज झपाट्याने संपे, आणि बॅटरी भरायची तर पुन्हा वर येऊन तोच धूर सोडायचा. त्यामुळे तेव्हाची पाणबुडी खरं तर पाण्यावर चालणारी, गरजेपुरती बुडी मारणारी बोट होती.

त्या काळच्या संकेतांनुसार व्यापारी जहाज आधी थांबवायचं, कागदपत्रं तपासायची, खलाशांना सुरक्षित जागी पोचवायचं आणि मगच जहाज बुडवायचं. हे नियम क्रूझर या मोठ्या, वेगवान युद्धनौकेसाठी सोयीचे होते, कारण क्रूझर पकडलेल्या जहाजावर आपली माणसं चढवून ते बंदरात नेऊ शके. यू-17 वर जेमतेम तीसेक माणसं होती. त्यातली कुणाला देणार? आणि कैद्यांना ठेवणार कुठे?

पाणबुडीचा अधिकारी योहानेस फेल्डकिर्शनर याने शक्य तेवढे नियम पाळले. ग्लिट्राच्या खलाशांना होड्या सोडायला दहा मिनिटं दिली. जर्मन तुकडीने जहाजावर जाऊन झडपा उघडल्या. नंतर पाणबुडीने त्या होड्या काही अंतर किनाऱ्याच्या दिशेने ओढत नेल्या. सगळे वाचले.

वाफेच्या जहाजात कंडेन्सर थंड ठेवायला समुद्राचं पाणी लागतं. त्यासाठी तळाशी नळ असतो. त्या नळाची झडप उघडून आतला जोड सोडला की पाणी थेट इंजिनाच्या खोलीत घुसतं. किती? समजा, 15 सेंटीमीटर व्यासाचं भोक पाण्याच्या पातळीखाली 3 मीटरवर आहे. तिथे पाणी सेकंदाला साधारण साडेसात मीटर वेगाने येतं. कडेशी धार आक्रसते, ते धरूनही मिनिटाला सुमारे पाच टन पाणी आत येतं, म्हणजे तासाला तीनशे टनांच्या आसपास.

ग्लिट्राचे 866 टन हे वजन नव्हे, आतल्या जागेचं माप. असा एक टन म्हणजे 2.83 घनमीटर, म्हणजे एकूण जागा जवळपास 2,450 घनमीटर. बुडायला ती सगळी भरावी लागत नाही, माल भरलेलं जहाज आधीच खोल बसलेलं असतं. तरी आपल्या हिशेबातल्या एका नळावर विसंबलं तर काम तासांचं आहे, मिनिटांचं नाही. त्यात आतली पातळी वाढली की आतबाहेरचा फरक कमी होऊन धार मंदावते. मधली भिंत मजबूत असेल तर पाणी एकाच खोलीत अडकतं. वरची झाकणं बंद राहिली तर कोंडलेली हवा पाण्याला अडवते. म्हणून झाकणं आणि मधले दरवाजे उघडे ठेवणं झडपेइतकंच महत्त्वाचं. पुढे पाणबुड्या सोबत स्फोटकं नेऊ लागल्या. जहाजावर चढलेली तुकडी ती तळाजवळ लावून सुरुंगासारखी उडवी आणि काम लवकर उरके.

पण हा सगळा वेळ पाणबुडी पाण्यावर उघडी. तिच्या मुख्य कवचाला एका गोळ्याने भोक पडलं तरी बुडी मारता येत नाही. ब्रिटिशांनी व्यापारी जहाजांवर तोफा बसवायला सुरुवात केल्यावर आणि 1915 मध्ये साध्या मालवाहू जहाजांच्या वेषात लपवलेल्या तोफा समुद्रात आणल्यावर, समोर येऊन जहाज थांबवणं हा जुगार झाला. तरी इशारा न देता मारणं त्याआधीच सुरू झालं होतं, तेव्हा सगळा दोष त्या तोफांवर टाकता येत नाही. ग्लिट्रानंतर सहाच दिवसांनी यू-24 ने निर्वासितांनी भरलेल्या आमिराल गाँतोम या फ्रेंच जहाजावर टॉर्पेडो सोडला होता. 18 फेब्रुवारी 1915 पासून तर जर्मनीने ब्रिटनभोवतीचा सारा समुद्र युद्धक्षेत्र ठरवला.

त्याच वर्षीच्या 30 डिसेंबरला पर्शिया हे प्रवासी जहाज मुंबईकडे निघालं असताना क्रीटच्या दक्षिणेला यू-38 ने इशारा न देता टॉर्पेडो मारला. दुपारच्या जेवणाची वेळ होती. जहाज काही मिनिटांतच गेलं, मोजक्याच होड्या पाण्यात उतरल्या, आणि पाचशेहून थोड्या अधिक माणसांपैकी 343 जण बुडाले.